नम्रता मॅडमचा उजवा हात

नम्रता घाडीगावकरला सगळ्यात जास्त किळस यायची ती स्टिअरिंगच्या कव्हरची. परळच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये ती अकरा वर्षं गाडी शिकवत होती. दिवसाला दहा-बारा जण त्याच चाकाला घाम लावून जायचे. कुणाच्या हाताला वडापावच्या तेलाचा वास, कुणाच्या तंबाखूचा. दाराच्या खिशात ती स्पिरिटची बाटली आणि फडकं ठेवायची आणि प्रत्येक जण उतरला की चाक पुसायची. लोकांना वाटायचं, मॅडम फार टापटिपीच्या. खरं तर तो चिकटा तिच्याच हाताला लागायचा, म्हणून ती पुसायची.

ती डाव्या सीटवर बसायची. पायाशी जादाचा ब्रेक आणि क्लच, आणि उजवा हात कायम चाकाच्या खालच्या कडेवर. सरळ रस्त्यावर शिकणारा चालवायचा. वळण आलं की हात नम्रताचा. करी रोडला वळायचं असो की भारतमाता सिनेमाच्या कोपऱ्यावर, चाक ती ओढायची आणि वर "छान, जमलं की" असंही तीच म्हणायची. दहा दिवसांत कोर्स संपायचा. मालक माधवकाकांच्या लेखी दोनच गोष्टी महत्त्वाच्या होत्या: दहा दिवस, आणि गाडीला ओरखडा नाही.

एका शुक्रवारी तिला अभिषेकचा फोन आला. माटुंग्याचा हा मुलगा आठ वर्षांपूर्वी तिच्याकडे शिकला होता. आता नोकरी सांभाळून रविवारी पनवेलच्या पुढच्या एका छोट्या रेस ट्रॅकवर नवशिक्यांना शिकवायचा.

"मॅडम, रविवारी एक जागा रिकामी आहे. येता का?"

"मला काय शिकवणार तू?" ती हसून म्हणाली. पण गेली.

तिथे हेल्मेट भाड्याचं मिळालं. आतला स्पंज ओला होता आणि त्याला कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास येत होता. डोक्याला रुमाल बांधून, श्वास रोखून तिने ते चढवलं.

अभिषेक बाजूला बसला. "पाठ सीटला पूर्ण टेकवा. हात लांब केल्यावर मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. आता एक हात नऊवर, एक तीनवर. आवळू नका. आवळलंत तर चाकं काय सांगतायत ते हाताला कळत नाही."

पहिल्या दोन फेऱ्यांतच गोंधळ झाला. वळण आलं की तिचा डावा हात मांडीवर पडायचा आणि उजवा चाकाच्या खालच्या कडेला जाऊन हिसका द्यायचा. गाडी प्रत्येक वळणावर धक्के खात होती. "हात," अभिषेक म्हणायचा. पुढच्या वळणाला पुन्हा, "हात." तिला लाज वाटली आणि लाजेचा राग आला.

दुपारी ट्रॅकवाल्यांनी घसरणीच्या सरावासाठी एका वळणावर टँकरने पाणी सोडलं. अभिषेकने आधी सांगितलं होतं, की गाडी सरळ असतानाच ब्रेक मारा, मग ब्रेक सोडून वळवा, आणि नजर वळण संपतं तिथे ठेवा. नम्रता वेगात आली. तिने चाक वळवलं, पण गाडी सरळच चालली. चाक हाताला एकदम हलकं लागलं. तिने ते आणखी ओढलं. काहीच होईना, तेव्हा घाबरून ब्रेक दाबला. पुढच्या चाकांनी अचानक रस्ता धरला, मागचा भाग फिरला आणि गाडी गरागरा दोन गिरक्या घेऊन कडेच्या चिखलात थांबली.

अभिषेकचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मघापासून तिथेच होते.

"तू हात का नाही घातलास?"

"घातला असता तर काय चुकलं ते तुम्हाला कळलं नसतं."

"काय चुकलं?"

"चाक हलकं लागलं तेव्हाच पुढचे टायर घसरायला लागले होते. तेव्हा आणखी वळवून उपयोग नसतो. थोडं सरळ करायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलायचा आणि पकड येईपर्यंत थांबायचं." तो जरा घुटमळला. "मॅडम, राग मानू नका. मीही असाच हिसका द्यायचो. लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात दादरला पुलावरून उतरताना गाडी दुभाजकावर घातली. आई बाजूला होती. तिचं मनगट मोडलं. तेव्हा कळलं की मी कधी वळलोच नव्हतो. सगळी वळणं तुम्हीच घेत होतात."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. नम्रता उतरली आणि नळावर जाऊन हात धुतले. साबणाचा पातळ तुकडा होता, तो संपेपर्यंत धुतले. अशी किती माणसं आपण "जमलं की" म्हणत रस्त्यावर सोडली असतील, हा विचार तिला पुढे करवेना. आज तिला पुसायला दुसऱ्या कुणाचा घाम नव्हता.

परत येऊन ती म्हणाली, "पुन्हा जाऊ."

पाच वेळा चुकलं. सहाव्यांदा चाक हलकं लागलं तेव्हा तिने ओढलं नाही. जरासं सैल सोडून ती थांबली. टायरने रस्ता धरला आणि गाडी निमूट वळली. तिला आनंद वगैरे झाला नाही. एवढीशी गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती आणि आपण शिकवत होतो, याचीच शिसारी आली.

सोमवारी काळाचौकीच्या शेवंतीताई आल्या. वय पन्नाशीपुढे. नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता, गाडी दारात उभी होती आणि त्याला व्यायामाला न्यायला कुणी नव्हतं. नम्रताने त्यांना शिवडीच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर नेलं आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसली.

"ताई, वळण तुम्ही घ्यायचं. मी ब्रेकपुरती आहे."

शेवंतीताईंनी वळण लांबून घेतलं. नम्रताने ब्रेक दाबेपर्यंत डावा आरसा उभ्या ट्रकला लागून फुटला.

"काय चुकलं, सांगा."

"मी त्या ट्रकाकडेच बघत रवलंय."

"म्हणून गाडी तिकडे गेली. जायचंय तिकडे बघा. पुन्हा."

फुटका आरसा बघून माधवकाका म्हणाले, "तू बाजूला बसून करत काय होतीस?"

"शिकवत होते. नीट शिकवायचं तर वीस-पंचवीस दिवस लागतील, काका."

"एवढं कोण थांबतंय? त्यांना लायसन्स पाहिजे. शर्यत नाही मारायची."

आठवड्याने स्कूलच्या दारात नवा बॅनर लागला. माधवकाकांनी तिच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून ट्रॅकवरचा फोटो घेतला होता: ती, ते हेल्मेट हातात. खाली मोठ्या अक्षरांत, 'रेस ट्रॅकवर तयार झालेल्या महिला प्रशिक्षक. दहा दिवसांत हमखास.' नम्रता तो वाचत असतानाच एक जोडपं आलं.

"ह्याच मॅडम का?"

"ह्याच," माधवकाका म्हणाले. "दहा दिवसांत गाडी तुमच्या हातात."

"दहा दिवसांत काही येत नाही," नम्रता म्हणाली. "इथे वळणं मी घेते. तुम्ही नुसतं चाकाला हात लावून बसता."

"नम्रता, आत ये."

ती गेली नाही. बॅनरच्या दोऱ्या तिने सोडल्या, घडी घालून तो काकांच्या टेबलावर ठेवला, वर गाडीची चावी ठेवली आणि निघाली.

आता ती लोकांना त्यांच्याच गाडीत शिकवते. तिथे जादाचा ब्रेक नसतो, त्यामुळे पहिले काही दिवस ती गाडी मोकळ्या मैदानाबाहेर काढत नाही. येणारे कमी आहेत, निम्मे मध्येच सोडून जातात. महिन्यातून एकदा ती ट्रॅकवर जाते. फेरीच्या वेळेत बारा नवशिक्यांत तिचा नंबर सातवा-आठवा लागतो. शेवंतीताईंना सव्वीस दिवस लागले. मंगळवार-शुक्रवार त्या नवऱ्याला घेऊन जातात, अजूनही फार हळू चालवतात.

माधवकाकांच्या दारात दुसऱ्या एका मुलीचा फोटो लागला आहे. दहा दिवस तसेच आहेत, आणि लोक रांगेत उभे आहेत.