हिरव्या मुठीचा पाना

माझ्या बाबांना बाजारात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना खणखण म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि बाबांना त्याचं काही वाटत नाही. आमचं हत्यारांचं दुकान आहे: पाने, पकडी, हातोड्या, करवती, कानशी. कुठलंही हत्यार हातात आलं की ते काउंटरच्या लोखंडी पट्टीवर अलगद आपटायचं, डोळे मिटायचे आणि आवाज विरेपर्यंत ऐकत राहायचं, ही त्यांची रीत. गिऱ्हाईक समोर ताटकळत असतं. बाबा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आवाज मनासारखा आला की म्हणतात, "घे. डोळे मिटून घे." आणि लोक खरंच घेतात.

गुडघ्यांमुळे बाबांना शिडीवर चढणं जमेनासं झालं, तेव्हापासून सकाळी मी दुकानात असते. वरच्या फळीवरचं मी काढून देते आणि बाबा खालून सूचना देतात. आमचं भांडण साधारण पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधीच सुरू होतं. मी त्यांचीच मुलगी आहे, त्यामुळे माघार कोणी घ्यायची हा प्रश्न आमच्याकडे सुटलेला नाही.

बाबांची खरी विद्या मधल्या मालात. महागडं हत्यार कोणीही ओळखतो, म्हणतात ते. त्याच्या कंपनीला नावाची चाड असते. अगदी स्वस्त हत्यार स्वस्तच दिसतं, ते कोणाला फसवायला जात नाही. खोटं बोलतो तो मधला माल. तकतकीत डबा, चकचकीत मुलामा, हाताला मऊ मूठ, आणि आत काय ते देव जाणे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. या मधल्या मालाच्या कंपन्यांची नावं कोणी लक्षात ठेवत नाही, मुठीच्या रंगावरून ओळखतात. पिवळ्याची पकड बरी पण पाने टाकाऊ, लाल पूर्वी चांगला होता आता बिघडला, निळा घ्यायचाच नाही. हे सगळं बाबांनी ठरवलेलं आणि बाजाराने मानलेलं.

ठरवताना आवाजानंतर दुसरी परीक्षा कानशीची. पान्याच्या तोंडावर कानस घासायची. कानस रुतली, चुरा निघाला, तर पोलाद मऊ. मऊ पान्याचं तोंड फाकतं, नटाच्या कडा गोल होतात आणि काम करणारा शिव्या घालतो. कानस नुसती घसरली तर पोलाद कडक, म्हणजे माल चांगला. बाबांना आयुष्यभर ज्यांनी फसवलं त्या सगळ्या मऊ मालवाल्या कंपन्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसे बाबा मऊपणा शोधत राहिले. कडकपणाचा संशय घ्यायचा असतो हे त्यांच्या मनातच आलं नाही.

हिरव्या मुठीचा पाना एक एजंट घेऊन आला. फिरकी फिरवून तोंड लहानमोठं करता येतं, तसला पाना. बाबांनी तो आपटला आणि इतका वेळ डोळे मिटून उभे राहिले की एजंटाने माझ्याकडे बघितलं. मग कानस घासली. काचेवरून घसरावी तशी ती घसरली. बाबांचा चेहरा असा फुलला की मला माझ्या लग्नातही तो तसा आठवत नाही. "या किमतीत हे पोलाद!" ते म्हणाले. त्या दिवसापासून पाना मागणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हिरवा पडू लागला.

पहिला पडला माझ्या नवऱ्याच्या हातात. नवरा लिफ्ट बसवायचं काम करतो. इमारतीच्या पोटातल्या त्या उभ्या अंधाऱ्या विहिरीत फळी टाकून उभं राहायचं, भिंतीला रूळ बसवायचे आणि बोल्ट अंगाचा सगळा भार टाकून आवळायचे. कमरेला पट्टा असतो हे मला माहीत आहे. पट्टा एका जागेवरून काढून दुसरीकडे अडकवतानाच माणसं पडतात, हेही त्यानेच मला सांगितलंय. कशाला सांगितलं कोण जाणे.

त्याच्याकडे एक जुना पाना होता, ढिल्या तोंडाचा. बाबा त्याला बोळकं म्हणायचे. "जावईबापू, ते बोळकं फेका आता," म्हणून त्यांनी हिरवा त्याच्या हातात ठेवला. नंतर घरी आले की विचारायचे, "कसा आहे आपला हिरवा?" नवरा म्हणायचा, "एकदम झकास, मामा." सासऱ्याला तो मामाच म्हणतो, आणि बाबांसमोर सगळ्यालाच झकास म्हणतो.

मग एके दिवशी सकाळी समोरचा गॅरेजवाला आला. उजव्या हाताला मोठं बँडेज होतं. डाव्या हाताने त्याने खिशातून हिरव्या मुठीचा पाना काढून काउंटरवर ठेवला. त्याचा खालचा जबडा जागेवर नव्हता. तो त्याने दुसऱ्या खिशातून काढून शेजारी ठेवला.

"खणखणशेठ," तो म्हणाला, "वाकला नाही, फाकला नाही. जोर लावला आणि काडकन् गेला. हात सरळ इंजिनच्या पंख्यात. टाके पडलेत. मी जमिनीवर उभा होतो म्हणून निभावलं."

भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. एवढं सांगून गेला.

बाबांनी तुटका भाग उचलून उजेडात धरला. मीही बघितलं. तुटलेली जागा खडीसाखरेसारखी दाणेदार दिसत होती. बाबा पुटपुटले, "पाणी जास्त दिलंय. कडक केलंय नुसतं, नंतर पुन्हा तापवून कडकपणा उतरवलाच नाही. हा वाकणारच नव्हता." दोघांच्याही मनात एकच माणूस आला होता आणि त्याचं नाव आधी कोणी काढायचं एवढंच उरलं होतं.

मी फोन लावला. संपर्काच्या बाहेर. विहिरीत फोन लागत नाही हे मला माहीत होतं, रोजच लागत नाही, रोज मला त्याचं काही वाटत नाही. मी पुन्हा लावला. "लागतोय का?" बाबांनी विचारलं. मी म्हणाले, "लागला असता तर मी बोलले नसते का?"

भर बाजारच्या वेळी बाबांनी शटर ओढलं. शेजारचा दुकानदार पायरीवर येऊन बघत राहिला. मी म्हणत होते तुम्ही थांबा, मी जाते, पण ते ऐकतील तर बाबा कसले. पूल ओलांडून पलीकडे त्या इमारतीचं काम चालू होतं. बाबा गुडघ्यावर हात ठेवून ठेवून चालत होते आणि मला त्यांची दया येण्याऐवजी संताप येत होता. पुलाच्या मध्यावर तो संताप बाहेर पडला.

"त्याचा जुना चांगला होता ना? चालत होता ना? तुम्हाला काय पडली होती? तुमचं कान देऊन ऐकणं आणि डोळे मिटून घेणं! त्याला काही झालं ना बाबा, तर मी तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची तीन असतात. या वेळी ते थांबलेही नाहीत. नुसतं "चल" म्हणाले. त्याने मी जास्तच घाबरले.

फाटकावरचा पहारेकरी हेल्मेटशिवाय आत सोडेना. बाबांनी त्याला हात जोडले. हत्यार परत करायला आलेल्यालाही उभं न करणारा माझा बाप एका पहारेकऱ्यापुढे हात जोडून उभा होता. त्याने दोन हेल्मेटं दिली. माझं डोळ्यांवर येत होतं.

तळमजल्यावर विहिरीच्या तोंडाशी आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. मी त्यांच्या फटीतून हाक मारली. माझाच आवाज वर जाऊन भलत्याच माणसाचा होऊन खाली आला. उत्तर नाही. पण वरून लोखंडावर लोखंडाचा आवाज येत होता. टण्, मग थोडं थांबून पुन्हा टण्.

"बाबा, ऐका," मी म्हणाले. "तुम्हाला कळेल. हिरवा आहे का तो?"

बाबांनी डोळे मिटले, फळीला कान लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले आणि ते पाण्याने भरलेले होते.

"कळत नाही गं," ते म्हणाले.

तेवढ्यात वरून काहीतरी सुटलं. भिंतींवर आपटत, खणखणत, आमच्या समोरून अंधारात खाली गेलं. आणि वरचा टण् टण् थांबला.

मी जिना कसा चढले ते मला सांगता येणार नाही. कठडा नव्हता, वाळू सांडलेली होती, हेल्मेट कुठेतरी पडलं. मागून बाबांचा श्वास ऐकू येत होता. गुडघे दुखणारा माणूस माझ्या मागे एका पायरीच्या अंतरावर होता. वरच्या एका मजल्यावर विहिरीच्या तोंडाशी दिवा टांगलेला दिसला आणि दिव्याखाली माझा नवरा फळीवर ओणवा होऊन खाली बघत होता.

"नट पडला," तो मला म्हणाला. मग त्याला कळलं की मी तिथे असायला नको. "तू इथे काय करतेस? काय झालं? मामा?"

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच मी त्याच्यावर खेकसले, "बाहेर ये आधी!" तो पट्टा सोडून बाहेर आला. त्याच्या हातात पाना होता. ढिल्या तोंडाचा, काळा पडलेला, मुठीला चिंधी गुंडाळलेला. बोळकं.

बाबा भिंतीला धरून उभे होते. त्यांनी त्या पान्याकडे बोट केलं. बोलायला दम नव्हता.

नवरा चोरी पकडल्यासारखा झाला. "मामा, म्हणजे... हिरवा आहे. आहे माझ्याकडे. पिशवीतच आहे." त्याने पिशवी उघडली. मऊ फडक्यात गुंडाळलेला हिरवा पाना बाहेर काढला. आणला तसा कोरा. "वापरला नाही. तुम्ही घरी आलात की हातात घेऊन बघता. एखादा ओरखडा दिसला तर विचारता, कुठे आपटलात जावईबापू? म्हटलं, कशाला कटकट? म्हणून याला जपून ठेवला आणि काम आपलं जुन्यावर. तुमच्यापुढे खोटं बोललो, मामा. माफ करा."

बाबा तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले. आधी मला वाटलं ते रडताहेत. मग वाटलं हसताहेत. दोन्ही चाललं होतं. "माझ्या भीतीने," ते म्हणाले, "माझ्या भीतीने वाचला हा. माझं ऐकलं असतं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पुलावरचं माझं बोलणं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता.

नवऱ्याने दोघांना पाणी दिलं आणि शेवटी विचारलं, "पण झालं काय ते कोणी सांगेल का मला?"

त्यानंतर बाबांनी हिरवे पाने परत गोळा करायला सुरुवात केली. गुडघे चोळत दारोदार. नळवाल्याने तर साफ नाही म्हटलं. "खणखणशेठ, माझा मस्त चालतोय, मी नाही देत जा. तुम्हीच म्हणालात ना, डोळे मिटून घे?" बाबा त्याच्या ओट्यावर बसून राहिले आणि दुकानातला सगळ्यात महागडा पाना त्याच्या हातात देऊन हिरवा घेऊन आले. आलेला प्रत्येक पाना ते व्हाइसच्या शिकंज्यात आवळायचे, मुठीवर लांब पाइप चढवायचे आणि दूर राहून ओढायचे. काही टिकले. काही बांगडी फुटावी तसे फुटले. दर वेळी आवाज आला की बाबा दचकायचे. एजंट म्हणाला, एखादा पीस खराब निघतोच. बाबांनी त्याला दुकानाबाहेर काढलं. टिकलेलेही त्यांनी भंगारातच टाकले.

एक सोडून सगळे परत आले.

तो एक कोणी अनोळखी माणूस घेऊन गेला होता. मी त्या दिवशी दुकानात नव्हते. बाबांना एवढंच आठवतं की त्याने विचारलं होतं, नक्की चांगला आहे ना? मी खोदून खोदून विचारलं, दिसायला कसा होता, वय काय, काम काय करत असेल. बाबांनी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. पाना वाजवून ते आवाज ऐकत उभे होते. त्यांचे डोळे मिटलेले होते.

आता बाबा हत्यार वाजवत नाहीत. गिऱ्हाईक दारात दिसलं की आधी त्याच्या हातांकडे बघतात, दोन्ही हातांकडे. हात धड असतील तर तोंडाकडे बघतात, ओळख लागते का ते. मग विचारतात, काय हवंय?

परवा एकजण आला, उजवा हात खिशात घालून. कधी न बघितलेला माणूस. म्हणाला, "एक पाना दाखवा, मधल्यातला."

बाबा उठून उभे राहिले. "आधी हात बाहेर काढा," ते म्हणाले.

माणूस गोंधळला. माझ्याकडे बघू लागला. मीही त्याच्या खिशाकडेच बघत होते.

त्याने हात बाहेर काढला. हातात किल्ल्या होत्या. पाचही बोटं जागेवर होती. बाबा खाली बसले आणि मग मला म्हणाले, "दाखव गं यांना काय आहे ते."