संकासुराचं कुलूप

वडिलांनी मृत्युपत्रात दागिने कुणालाच ठेवले नव्हते, कारण ते नव्हतेच. भाईंदर पश्चिमेची जागा माझ्या नावावर केली होती आणि पत्र्याच्या पेटीतला संकासूर उत्तनजवळच्या चौक गावातल्या संग्रहालयाला दिला होता. त्याच्यासाठी काचेचं कपाट करायला पैसेही वेगळे काढून ठेवले होते. माणूस गेल्यावर त्याच्या कपाटांचं आपण बघतो, यांनी जाताना संकासुराला कपाट दिलं.

रत्नागिरीकडचा शिमगा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. घरोघरी नाचत फिरणाऱ्या खेळ्यांमध्ये संकासूर हे एक सोंग असतं. काळे कपडे, तोंड झाकणारा काळा मुखवटा, वर टोकदार टोपी, पांढरी दाढी, लाल जीभ आणि कमरेला घुंगरू. आमच्या वाडीचा संकासूर वडील व्हायचे. मी लहान असताना तो अंगणात नाचत आला की मी आईच्या मागे लपायचे. त्याचे पाय वडिलांचे आहेत हे मला कळायचं, आणि त्यानेच जास्त घाबरायला व्हायचं. पाय ओळखीचे आणि तोंड भलत्याचंच.

वाडीतली माणसं मुंबईला आली, मेळ मोडला आणि सोंग आमच्या घरी आलं. दर शिमग्याला वडील पेटी उघडून नारळ ठेवायचे, गाऱ्हाणं घालायचे आणि आम्ही मागून ‘होय महाराजा’ म्हणायचो. मी डोळे मिटून म्हणायचे. भक्ती वगैरे काही नाही, तिकडे बघायची छाती नव्हती. आई गेल्यावर वडील हॉलमध्ये चटईवर झोपू लागले. पेटी आतल्या खोलीत, पलंगाखाली. ‘हॉलमध्ये पंखा बरा लागतो,’ म्हणायचे.

त्यांना जाऊन वर्ष झालं तरी पेटी हलवायचं मला धाडस झालं नव्हतं. तेव्हा माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिल्या वेळी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, आणि झोपायचं तर त्याच पलंगावर. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती म्हणाली, “आई, खाली ते आहे ना, मला झोपच नाही लागत. वेड्यासारखं वाटतंय, पण देऊन टाक ना एकदाचं.”

मी गावी आत्याला फोन केला. तिला विचारल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही.

“घरात पोटुशी पोर हाय,” आत्या म्हणाली. “अशात सोंग उंबऱ्याभायेर काढू नको गो. काय झाला तर कोणाला बोल लावशील?”

इकडे आड, तिकडे विहीर. मी बँकेत नोकरी केलेली बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं चारचौघांत सांगत आलेले. पण मुलीच्या पोटाचा प्रश्न आला आणि मी पेटी होती तिथेच ठेवली. शेवटी पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघवेनात, म्हणून एका दुपारी मी रिक्षा बोलावली. घरात दुसरं कुणी नव्हतं. ‘फोन जवळ ठेव, मी आलेच,’ असं सांगून निघाले.

उत्तनच्या रस्त्याला प्रत्येक गतिरोधकावर पेटीतले घुंगरू वाजत होते. रिक्षावाल्याने विचारलं, “मॅडम, अंदर क्या है, पूजा का सामान?” मी हो म्हटलं. वाटेत मुलीला फोन लावला, तिने उचलला नाही. परत लावला, परत तेच. मागे फिरावं असं शंभरदा मनात आलं. पण मग पेटीही परत घरात येणार होती.

संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या. लोकांनी दिलेली जाळी, वल्ही, लग्नातली भांडी, आणि प्रत्येकाखाली देणाऱ्याचं नाव. छताच्या पंख्यावरसुद्धा ‘कै.’ लिहून देणगीदाराचं नाव रंगवलेलं. वडिलांच्या पैशांतून केलेलं काचेचं कपाट भिंतीशी रिकामं उभं होतं. गावच्याच एक वयस्कर ख्रिस्ती बाई संग्रहालय सांभाळतात. वडील सुकी मासळी आणायला चौकला जायचे आणि तासन्‌तास त्यांच्याशी बोलत बसायचे.

बाईंनी पेटीला हात लावला तशी मी म्हटलं, “थांबा. आधी गाऱ्हाणं घालायला हवं.”

पण घालणार कोण? आमच्यात ते पुरुष घालतात. मी जन्मभर फक्त ‘होय महाराजा’ म्हटलेलं, आधीचे शब्द मला येतच नव्हते. नारळ ठेवला, हात जोडले आणि फोन तेवढ्यात पुन्हा लावून पाहिला. नुसता वाजत राहिला. मला रडू फुटलं.

“बा महाराजा,” मी कसंबसं म्हटलं, “तुला घराबाहेर काढलंय ते मी काढलंय. राग काढायचा तर माझ्यावर काढ. माझ्या पोरीला सुखरूप सोडव.”

मागून कुणी उत्तर देईना. गाऱ्हाणं अर्धं राहतं की काय, या भीतीने मी मागे वळले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि म्हणाल्या, “होय महाराजा.”

फोन वाजला तेव्हा संकासूर आत ठेवून कपाट बंद होत होतं. “आई, इतके कॉल?” मुलीचा आवाज जड होता. “मला झोप लागली होती गं. तू गेलीस आणि लगेच लागली.”

मी फोन पर्समध्ये ठेवला. बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. चांगलं जाडजूड पितळी होतं.

“ह्या तुमच्या बाबांनीच आणून दिलेला हाय,” त्या म्हणाल्या. “मी म्हटला, आमच्याकडं कोन चोर येत न्हाय. तर म्हनाले, ‘चोरासाठी न्हाय. मी त्याला जन्मभर अंगावर घेतला, पन एकटा एक रात त्याच्या खोलीत झोपलो न्हाय. माझी लेक पन तशीच भित्री हाय, बोलून दाखवत न्हाय. तिच्या वाट्याला नको.’”

नात सुखरूप झाली. आता ती चालते, बोलते. शिमग्याला मी तिला चौकला नेते. ती काचेला नाक लावून त्या लाल जिभेकडे बघते आणि हसते. मी मात्र तिला पुढे सोडण्याआधी कुलूप ओढून बघते.