पटका

बेळगावात कॅम्पातला बिगूल ऐकला की अजून माझा हात डोक्यावरच्या पदराकडं जातो.

लग्नाच्या वर्षी मी आणि आमचे हे गुंजीहून रेल्वेनं गोव्याला देवदर्शनाला गेलो होतो. तिथं तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य. संध्याकाळी बिगूल वाजला, झेंडा उतरू लागला आणि सगळे टोप्या काढून थांबले. हे मात्र पटका बांधून चालतच राहिले. शिपायानं दांडक्यानं पटका मातीत पाडला. माझा हात डोक्यावरच्या पदराकडं गेला.

"बाये, हांगा बावट्याक तोपी काडटात," एक बाई कुजबुजली.

आधी कुणी सांगितलं असतं तर! पण आमच्याकडं घरातलं माणूस गेल्यावरच पुरुष डोकं उघडं करतो.

यांनी पटका उचलला, पण बांधला नाही. उघड्या डोक्यानंच घरी आले. सासूबाई यांना बघून दारातच खाली बसल्या.

"कोण गेलं रं?"