चौसष्ट चिंचोके

भोपाळच्या मे महिन्यात स्वतः उन्हात उभं राहून लोखंडाच्या पट्टीवर छत्री धरणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. डोक्यावर पिवळं हेल्मेट, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि छत्रीची सावली मात्र इंचभरसुद्धा स्वतःवर नाही. कुणी म्हटलं, "काकाजी, अंदर आ जाइए," की उत्तर ठरलेलं असे. "मला ऊन लागलं तर घरी जाऊन पन्हं पिईन. पट्टीला लागलं तर ती खोटं बोलेल."

आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणत असू. मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागातून ते निवृत्त झाले होते आणि सोनागिरीत राहत होते. आमच्या कंपनीनं त्यांना कंत्राटावर तपासनीस म्हणून घेतलं होतं. आनंद नगरच्या पुढे, रायसेन रोडला लागून मुलींच्या वसतिगृहाचं काम निघालं होतं. तिथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून जमिनीत खोल भोकं पाडून, सळ्यांचे पिंजरे सोडून, काँक्रीटचे चौसष्ट खांब ओतले होते. यांना पाइल म्हणतात. सगळेच काही तपासता येत नाहीत. एखादा निवडायचा, त्यावर वाळूच्या गोण्यांचा डोंगर रचायचा, खालून जॅकनं दाब द्यायचा आणि पाइल किती खचतो ते घड्याळासारख्या गेजवर वाचायचं. गेज ज्या पट्टीवर बसवलेला, ती तापली की फुगते आणि आकडा चुकतो. काकांची छत्री त्यासाठी होती.

कुठल्या टप्प्यावर कोणी काय तपासायचं आणि कोणाच्या सहीशिवाय काम पुढे सरकायचं नाही, याचा आराखडा मी लिहायची. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

काका माझं मराठी सुधारत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचे. मी फोनवर आईला "मी येऊन राहिली" म्हटलं की ते लांबून ओरडत, "येतेय म्हण, येतेय! ग्वाल्हेरहून पायी येऊन राहिलीस काय?" ठेकेदाराच्या चहाला ते कधी शिवले नाहीत. स्वतःचा थर्मास आणत. "फुकटचा चहा पोटात गेला की डोळा मऊ होतो," म्हणत. मी समोर बसून त्याच ठेकेदाराचा समोसा खात असे. मलाही एक वाक्य मिळे. "खा, खा. तू कागदावरची आहेस. कागदाला भूक लागते."

पण काकांची खरी गंमत होती ती पाइल निवडण्यात. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात चौसष्ट चिंचोके. प्रत्येकावर आगकाडीच्या टोकानं, ऑइल पेंटनं, पांढरा आकडा. सगळ्यांसमोर ते चिंचोके मोजायचे, डबा खळखळ हलवायचे आणि कुणाला तरी डोळे मिटून एक काढायला सांगायचे.

"काका, तुम्हीच का नाही ठरवत?" मी एकदा विचारलं.

"माझ्या मनावर माझाच भरवसा नाही गं. जवळचा पाइल घेतला की सावलीही जवळ मिळते."

पहिल्या दोन वेळा त्यांनी मलाच काढायला लावलं. म्हणाले, "पोरीचा हात निर्मळ आहे." ऐकून मी फुलून गेले होते.

तिसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं मला बोलावलं. गोण्या रस्त्याकडेला, सतरा नंबरच्या पाइलजवळ उतरवून झाल्या होत्या. क्रेन मागच्या कोपऱ्यापर्यंत जात नव्हती. "मैडम, सत्रह निकल आए तो सबका भला हो जाए. आप तो समझदार हैं." मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्याच्याच टेबलावर होता. त्याचा त्यानं उल्लेखही केला नाही. गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, काकांना नव्हती. मागच्या कोपऱ्यातल्या चार पाइलना काँक्रीट ओतताना मध्येच मोठा खंड पडला होता; अशानं पाइल आत कच्चा राहू शकतो. काका त्या दिवशी रजेवर होते. मी हजर होते आणि नोंद केली नव्हती.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. घरच्या चिंचेतला एक चिंचोका मी धुऊन पुसून ऑफिसात नेला. खोडायच्या पांढऱ्या पेननं त्यावर सतरा लिहिलं. ज्या टेबलावर गुणवत्तेचा आराखडा लिहिला, त्याच टेबलावर. दुसऱ्या दिवशी तो मुठीत धरून मी डब्यात हात घातला, चांगली ढवळाढवळ केली आणि तोच बाहेर काढला.

"सतरा," काका मोठ्यानं म्हणाले. "चला, गोण्यांचा त्रास वाचला!" चिंचोका डब्यात परत टाकून ते हसले. मीही हसले.

मग ते त्या पाइलशेजारी दिवसभर छत्री धरून उभे राहिले. पाइल खचला जेमतेम. खचणार कशाला? तो उत्तमच होता. काका दर थोड्या वेळानं वाकून, चष्म्याशिवाय, गेजचं शेवटलं बारीक घर वाचत आणि वहीत लिहीत. जो निकाल मला आदल्या दिवशीच ठाऊक होता, त्यासाठी हा म्हातारा उन्हात करपत होता. मी शेडमध्ये पंख्याखाली बसून होते.

काका चिंचोके मोजून काढायला देत, हे मला माहीत होतं. घरी जाऊन पुन्हा मोजत, हे नव्हतं.

आठवड्याभरात त्यांचा अहवाल आला. आकडे सगळे चोख. खाली एकच ओळ होती: पाइलची निवड नियमाप्रमाणे झालेली नाही, दुसरा पाइल तपासावा. कुणाचं नाव नव्हतं.

बैठक बसली. मॅनेजर म्हणाला, "काकाजी, ड्रॉ तो आपके सामने मैडम ने निकाला था. क्यों मैडम, कुछ गड़बड़ थी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय हे मास्तरांना माहीत असावं, तसं. त्यांची उजवी मूठ टेबलावर मिटलेली होती.

"नहीं सर," मी म्हटलं. "ड्रॉ ठीक था."

ती मूठ त्यांनी सावकाश उचलली आणि खिशात घातली. "मग माझीच नजर चुकली असेल," ते मला म्हणाले. आणि इतरांसाठी हिंदीत, "मेरी ही नज़र चूकी होगी."

मॅनेजरनं तेच वाक्य धरलं. वय आणि नजर लक्षात घेता आपलं कंत्राट पुढे वाढवता येत नाही, असं पत्र गेलं. पत्रव्यवहार माझ्याकडे होता. ते पत्र मीच टाइप केलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग नुसत्या डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाची नजर गेली, असं मी माझ्या दहा बोटांनी लिहिलं.

हेल्मेट परत करायला आले तेव्हा काकांनी तो डबा माझ्या टेबलावर ठेवला. "आराखडा तू करतेस. हाही तुझ्याकडेच असू दे." मी मान वर केली नाही. छत्री टेकत ते निघून गेले.

दुपारी मी चिंचोके मोजले. पासष्ट भरायला हवे होते. चौसष्टच भरले. सतरा नंबर एकच होता, खोडायच्या पेननं लिहिलेला. माझा. ऑइल पेंटचा, त्यांच्या हातचा सतरा डब्यात नव्हता. पुरावा म्हणून ते दोन्ही बैठकीत टेबलावर ठेवू शकले असते. त्याऐवजी त्यांनी स्वतःचा खरा चिंचोका काढून घेतला आणि माझा खोटा राहू दिला. उद्या कुणी मोजलं तर हिशेब बरोबर यावा म्हणून. त्या मुठीत काय होतं ते मला तेव्हा कळलं.

मी राहते त्या बाग सेवनियाहून सोनागिरी काही दूर नाही. तरी मला जायला सात महिने लागले. दर रविवारी डबा पिशवीत घालायची आणि संध्याकाळी परत फळीवर ठेवायची. अखेर गेले, तर काकांना जाऊन दोन महिने झाले होते. दाराशी छत्री टांगलेली होती.

काकूंनी मला कधी पाहिलं नव्हतं. नाव सांगितलं तशा त्या एकदम पुढे आल्या. "तुम्हीच होय त्या! तुमचं फार सांगायचे हो."

"काय सांगायचे?" मी विचारलं.

"हेच की, पोरीचा हात निर्मळ आहे."

"आधी म्हणायचे का, काकू? काम सुटायच्या आधी?"

"आधीही, नंतरही. अगदी शेवटपर्यंत," काकू म्हणाल्या.

मी सगळं सांगून टाकायला गेले होते. मागच्या कोपऱ्यातले ते चार पाइल आजतागायत कुणी तपासलेले नाहीत. वर तीन मजले उभे आहेत, मुली राहतात, गॅलरीत कपडे वाळत असतात. पाइल चांगलेही असतील. मला माहीत नाही. ते माहीत व्हावं एवढंच काका मागत होते.

काकूंनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा-सुलटा करून कौतुकानं पाहिला. डबा माझ्या डाव्या हातातल्या पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नाही. त्यांनी सोडेपर्यंत हात तसाच राहू दिला.