मागे फिरणारे मनोहरराव

सकाळी सहाला जिन्यात बूट वाजले की मी चहा टाकायची. मनोहर कारखानीस बाराव्या मजल्याकडे निघालेले असायचे, पाठीवरच्या सॅकमध्ये सरावाचं वजन म्हणून तांदळाच्या दोन पिशव्या. आमच्याच तोआ पायोहच्या ब्लॉकमध्ये राहायचे, तुआसच्या एका कंपनीत अकाउंटंट होते. सिंगापूरच्या घामात राहून हा माणूस वर्षभर बर्फाची पुस्तकं वाची आणि मे महिन्यात इथल्या मराठी मंडळातल्या सात-आठ जणांना हिमालयात नेई.

२००४ साली खिंड तीन तासांवर असताना त्यांनी सगळ्यांना परत आणलं. पायाखालचा बर्फ ‘धप्प’ असा आवाज करून खचला होता.

“म्हणजे आतला थर कच्चा आहे, बाई,” ते मला म्हणाले. “वरचा कधीही सुटतो.”

दुसऱ्या दिवशी एक वेगळी तुकडी तिथूनच सुखरूप पार गेली. झालं! न कोसळलेल्या उताराची साक्ष कोण देणार?

त्या गणेशोत्सवात मंडळाने मला काहीतरी हलकंफुलकं करायला सांगितलं. तीस वर्षं रंगभूमीवर काढलेली मी; हशा कुठे दडलाय ते मला बरोबर कळतं. मिशी चिकटवली, सॅक अडकवली, एक पाऊल टाकलं आणि पोटातून आवाज काढला, “धप्प!” मग किंचाळले, “फिरा मागे!” पुढे प्रसादाची रांग दिसली तरी ‘फिरा मागे’, बायको दिसली तरी ‘फिरा मागे’. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. मनोहररावांच्या तुकडीतल्या विक्रांतची लेक श्रिया इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, “अंकल सो स्केअर्ड ला!” पहिल्या रांगेत मनोहररावही हसत होते. ते हसू मी नीट पाहायला हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात काय घडलं ते विक्रांतनेच मला सांगितलं. वाऱ्याने आणून टाकलेला ताजा बर्फ, त्यावर दुपारचं ऊन. मनोहररावांनी खड्डा खणून थर तपासले आणि म्हणाले, “परत जाऊ.”

विक्रांतने माझी नक्कल केली. “धप्प! फिरा मागे!”

सगळे खदखदले. मनोहररावांनी फावडं सॅकला बांधलं.

“बरं. पण एकेकाने जायचं. आधी मी.”

ते अर्ध्यावर पोचले आणि उतार सुटला. बाकीचे खडकापाशी होते, म्हणून वाचले. मनोहररावांच्या सॅकचा पट्टा बर्फाबाहेर दिसत होता, म्हणून ते सापडले. डाव्या गुडघ्याचा मात्र चुरा झाला.

इथल्या हॉस्पिटलात मी मऊ भात आणि लिंबाचं लोणचं घेऊन गेले. संवाद पाठ करून गेले होते, एकही आठवेना.

“मनोहरराव, माझ्यामुळे...”

“छे हो, बाई. पुढे मी गेलो, माझ्या पायांनी.” मग हसले. “आवाज मात्र अचूक काढला होतात. अगदी तस्साच आला.”

आयुष्यात मला पुष्कळ दाद मिळाली. ही एक कुठे ठेवावी ते अजून कळलेलं नाही.

आता सहाला जिना गप्प असतो. मी दोन कप चहा टाकते. मनोहरराव काठी टेकत लिफ्टने येतात. बर्फाचं काही विचारलं की म्हणतात, “साखर जरा कमी घाला हो उद्यापासून.”