बावीस मुलांचा एक कोट

पेडणे तालुक्यात गरीब माणूस नाही, असं छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ मला आजवर भेटले, आणि ते मंत्री नव्हते. ते माझ्या बायकोचे मामा होते. मंत्र्याला निदान निवडणुकीपुरती तरी गरिबी मान्य करावी लागते. मामा तेवढीही सवलत द्यायला तयार नव्हते. मामा फोटोग्राफर होते, आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोर येऊन गरीब दिसण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती.

पेडण्याच्या बाजारात, पोदेराच्या भट्टीच्या बरोबर वर त्यांचा स्टुडिओ. खाली पाव भाजले जात आणि वर गिऱ्हाईक. मागच्या भिंतीवर एक तळं, त्यात सात बदकं आणि पलीकडे बर्फाचे डोंगर रंगवलेले. रंगवणाऱ्याने जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं, त्यामुळे डोंगर भाताच्या मुदींसारखे दिसत. कोपऱ्यात एक तपकिरी कोट, इलॅस्टिकचा टाय, खोट्या मोत्यांची माळ, वायर नसलेला टेलिफोन आणि पावडरचा डबा. फणी मात्र दोरीने खिळ्याला बांधलेली, कारण आधीच्या तीन फण्या गिऱ्हाइकांच्या केसांतून परस्पर घरी गेल्या होत्या. फोटो काढायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवत नसे, मामा ठरवत. एकदा पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या एका तरुणाला त्यांनी नुसतं न्याहाळलं आणि म्हणाले, "ह्या तोंडान तुका पासपोर्ट कोण दितलो? घरा वच, बरो न्हिद आनी फाल्यां यो." तो बिचारा खरंच घरी जाऊन झोपला आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून आला. पेन्शनच्या कागदाला फोटो हवा म्हणून आलेल्या एका आजीबाईंना तर त्यांनी इतकं उजळलं, की बँकेतला माणूस म्हणाला, मुलीचा नको, तुमचा आणा. आजीबाई तक्रार करायला आल्या त्या जाताना आणखी सहा प्रती घेऊन गेल्या.

मी तेव्हा एका परदेशी संस्थेच्या पेडण्यातल्या कचेरीत होतो. कचेरी म्हणजे एक खोली, एक पंखा आणि मी. ज्या घरांना मुलांचं शिक्षण झेपत नाही, अशा मुलांना ही संस्था तिकडचा एकेक शैक्षणिक पालक मिळवून देई. पालक तिकडून वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा, शिकवणीचा खर्च उचलणार. आम्ही वर्षातून एकदा मुलाचं प्रगतिपत्रक, त्याने लिहिलेलं पत्र आणि एक फोटो पाठवणार. आमच्याकडे बावीस मुलं होती. कुणाचा बाप डिचोलीच्या खाणी थांबल्यावर ट्रकवरून खाली उतरलेला, कुणाची आई काजूच्या बागेत रोजावर जाणारी. फोटोबाबत संस्थेची लेखी सूचना होती : मूल रोजच्या कपड्यांत, राहत्या घरासमोर, नैसर्गिक दिसावं. आमचा नेहमीचा फोटोवाला त्या वर्षी आखातात गेला आणि बायको म्हणाली, "मामा आहेत की." संसारात काही वाक्यं अशी असतात, की ती ऐकू आली नाहीत असं दाखवावं. मी दाखवलं नाही.

ती लेखी सूचना मी मामांना स्वतः नेऊन दिली. त्यांनी भिंग लावून ती दोनदा वाचली, चार घड्या केल्या आणि गिऱ्हाइकाला बसायच्या कदेलीचा एक पाय आखूड होता त्याच्याखाली ठेवली. कदेल डुगडुगायची थांबली. संस्थेच्या सूचनेचा पेडण्यात झालेला तेवढाच उपयोग.

फोटो आले ते रवानगीच्या शेवटच्या दिवशी. मी पाकीट उघडलं आणि पंखा चालू असून मला घाम फुटला. बावीसच्या बावीस मुलं तळ्याकाठी उभी. बावीसही जणांच्या अंगावर तोच तपकिरी कोट. मोठ्यांना तो बरा बसला होता. धाकट्यांच्या पाठीमागे कपड्यांचे चिमटे लावून तो आवळला होता, आणि पहिलीतल्या एका पोराच्या खांद्यावरून बदकाऐवजी चिमटाच डोकावत होता. मुलींच्या गळ्यात मोती. सगळ्यांचा एक हात टेलिफोनवर, आणि चेहऱ्यावर भाव असा, की आत्ताच मुख्यमंत्र्यांचा फोन ठेवला. मी धावत स्टुडिओत गेलो. मामा शांतपणे लेन्स पुसत होते. म्हणाले, "जावयबापू, इतकी वर्सां माझ्या स्टुडिओत कोण गरीब दिसूंक ना. आतां ह्या वयार सुरवात करूं?" वेळ संपली होती. मी डोळे मिटून पाकीट पोस्टात टाकलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ते इतकं सभ्य होतं, की वाचताना अधिकच लाज वाटली. ही बावीस मुलं एकाच कुटुंबातली आहेत का, अशी विचारणा होती. फोटोतलं तळं पेडण्यात असेल, तर मुलांच्या पत्रांत पाण्याची टंचाई का असते, हेही विचारलं होतं. एका पालकाने, बसचा निवृत्त ड्रायव्हर होता तो, आपल्या मुलीची भरभराट पाहून आनंद झाल्याचं कळवलं होतं. असा कोट आपल्या स्वतःकडेही नाही, म्हणून यापुढे आपली मदत अधिक गरजू मुलीला द्यावी, असं त्याचं प्रामाणिक म्हणणं होतं. त्याची मुलगी म्हणजे इब्रामपूरची सानिका, पाचवीतली. तिची मदत तूर्त थांबवली होती, आणि संस्थेच्या एक बाई पाहणीला येणार होत्या. त्यांची खात्री पटली नाही, तर बावीसही नावं कापली जाणार होती.

मी पत्र घेऊन मामांकडे गेलो. जिना चढताना मी चांगली चार कठोर वाक्यं तयार केली होती, पण वर गेल्यावर फक्त पत्र वाचून दाखवलं. बावीस भावंडांवर ते हसले. तळ्यावर हसले. सानिकाचं नाव आलं तेव्हा त्यांनी लेन्स पुसायचा फडका खाली ठेवला.

"तिचो फोटो बरो येवंक नाशिल्लो?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरा आला, मामा. म्हणूनच तर."

त्या दिवशी मामांनी दुपारी स्टुडिओ बंद केला. असं त्यांनी पूर्वी फक्त स्वतःच्या लग्नात केलं होतं, आणि तेव्हाही संध्याकाळी उघडला होता. मोटरसायकलने ते इब्रामपूरला गेले आणि सानिकाच्या आईसमोर उभे राहून म्हणाले, की चूक माझी आहे, शिव्या घालायच्या तर घाल. तिने घातल्या नाहीत, लिंबाचं सरबत दिलं. मामांना तेच जास्त लागलं.

पाहणीच्या बाई आल्या त्या ऐन उन्हाळ्यात. उंच, पिकल्या केसांच्या, हातात वही, गळ्यात ओळखपत्र. आधी इब्रामपूरला जायचं ठरलं. न बोलावता मामाही जीपमध्ये येऊन बसले, आणि बाजारापासून इब्रामपूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते कळावं. सानिकाचं घर म्हणजे एक खोली, वर अर्धी कौलं, अर्धे पत्रे. सानिका दाराआड. बाप चिऱ्यांच्या खाणीवर भरणीला गेलेला. कुटुंब मूळचं सिंधुदुर्गातलं. बाईंनी चूल पाहिली, पाण्याच्या कळश्या पाहिल्या, आणि मग त्यांना देवाच्या तसबिरीशेजारी तो फोटो दिसला. काचेची फ्रेम करून लावलेला. तळं, मोती, कोट. बाईंनी मला विचारायला सांगितलं, की तुमचं खरं घर फोटोत का नाही? मी विचारलं. सानिकाच्या आईने आधी पदराने हात पुसले.

"घर कसला असा ता आमका रोजच दिसता," ती म्हणाली. "ता आणि भिंतीर कित्याक लावूचा?"

मी भाषांतर केलं. बाई वहीत काहीच लिहीनात. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मामा पुढे सरकले. आता हे पाया पडतात की काय, अशी मला धास्ती वाटली. पण त्यांची नजर बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर खिळली होती.

"जावयबापू," ते म्हणाले, "तिका विचारा, हो फोटो कोणें काडला? तुरुंगातसून सुटून आयिल्लेवरी दिसता."

मी अगदी सौम्य भाषांतर केलं, की मामांच्या मते या फोटोत तुम्हाला न्याय मिळालेला नाही. बाईंनी ओळखपत्र उलटं करून पाहिलं आणि त्या अशा हसत सुटल्या, की दाराआडची सानिका बाहेर आली. प्रत्येक विमानतळावर आपल्याला बाजूला घेतात, असं त्यांनीच सांगितलं. मग त्यांना सोडतील तर ते मामा कसले. तासाभराने बाई पेडण्यातल्या स्टुडिओत, दोरीच्या मर्यादेत केस विंचरून, बर्फासमोर बसल्या होत्या. मागे वळून बघत त्या म्हणाल्या, की माझं गाव अशाच एका तळ्याकाठी आहे, पण बर्फ पडल्यावर तिथे बदकं राहत नाहीत. मामांनी मला सांगायला लावलं, की ही बदकं पेडण्याची आहेत, थंडीला भिऊन पळणारी नाहीत.

बाईंनी अहवालात काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. पण बावीसही नावं राहिली, आणि बसच्या ड्रायव्हरचं दिलगिरीचं पत्र आलं. सानिकाने त्याला उत्तरात लिहिलं, की कोट मामांचा आहे, हवा असेल तर ते तुमचाही फोटो काढतील. नियमही बदलला : दरवर्षी प्रत्येक मुलाचे दोन फोटो. एक घरासमोरचा, संस्थेसाठी. दुसरा तळ्याकाठचा, आईबापांसाठी. दुसऱ्याबद्दल मामांनी कुणाकडून काही घेतलं नाही. पहिला काढतानाही ते शेवटच्या क्षणी खिशातून रुमाल काढून पोराचं नाक पुसायचेच. नैसर्गिकपणाला तेवढा धक्का संस्थेने सोसला.

पुढे मामांची नजर अधू झाली आणि मुलगा त्यांना वास्कोला घेऊन गेला. बंदरात नोकरी, तिसऱ्या मजल्यावर घर. गेल्या महिन्यात दोन बस बदलून मी भेटायला गेलो. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. बावीसही मुलांची नावं घेऊन चौकशी केली. सानिका नर्सिंगला गेली म्हटल्यावर बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, मोबाइल द्या आणि त्या जनेलापाशी बसा. मी खिडकीशी बसलो. त्यांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. अंगठा काचेवर चाचपडत होता.

"हनुवटी वयर. हालूं नाकात."

मी हललो नाही. खाली बंदरात कुठल्याशा जहाजाचा भोंगा वाजला. थोड्या वेळाने मामा म्हणाले, "जालो. बरो आयलो." मोबाइलची काच काळीच होती.

मी म्हटलं, "मामा, आणखी एक काढा." आणि हनुवटी वर करून तसाच बसून राहिलो.