पैलवानाच्या जांघेतली गाठ

सन २०१९. माझं वय सत्तरीला टेकलेलं, पैलवान माझ्याहून थोडा मोठा. आता तो नाही. डोणगावात लचकलेला पाय, आखडलेली मान, सगळं त्याच्याच ओट्यावर यायचं. हाताला तेल लावत तो म्हणायचा, "रडू नको बे, नस हाय, वाघ नाही." माणूस चालत घरी जायचा. मी शाळा दुसरीत सोडली, पण माणूस ओळखतो. असा दुसरा पाहिला नाही.

त्याला एकच खोड, लाज. आजारपणातही तो कोणाला आपलं लघवीचं भांडं उचलू देत नसे. छातीत दुखलं म्हणून औरंगाबादच्या दवाखान्यात जांघेतून नळी घालून त्याच्या हृदयाच्या नसा तपासल्या. पाय सरळ ठेवा, उठू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. नर्स पॉट घेऊन आली. "मी पलंगावर मुतत नसतो," म्हणून हा भिंत धरत संडासात गेला अन् उकिडवा बसला.

घरी आला तर जांघेत लिंबाएवढी गाठ. बघता बघता पेरूएवढी झाली. "नस चढली," म्हणत त्यानं वहिनीला तेल कोमट करायला लावलं. मी गाठीवर हात ठेवला. ती काळजासारखी उडत होती. मी वाटी उचलली अन् तेल अंगणात ओतलं.

"काऊन बे? तू मले शिकवून राह्यला?"

"हाव, शिकवतो. गाडीत बस."

मेहकर गेलं, जालना गेलं, तो जांघ धरून बसलेला. ओठ पांढरे पडलेले. याला मढं करूनच परत न्यावं लागतं की काय, एवढंच माझ्या डोक्यात.

औरंगाबादला त्याच दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नळीचं भोक बुजलंच नाही, आतल्या आत रक्त साचून ही गाठ झाली. चोळली असती तर फुटली असती. त्यांनी कापलं नाही. सोनोग्राफीत बघत बारीक सुई घातली, रक्त गोठवायचं औषध सोडलं. गाठ उडायची थांबली. पण उद्यापर्यंत उठायचं नाही. भोक पुन्हा उघडलं तर पाय जाईल, जीवही जाईल.

पैलवान छताकडे बघत म्हणाला, "मी उठणार. मले मरू दे."

"मर. वहिनीले काय सांगू? मुताले उठला अन् मेला?"

तो हसला नाही. डोळ्यातलं पाणी कानात गेलं. लघवी दाबून तसाच ताठ पडून राहिला.

मी जन्मात कोणाचं भांडं उचललं नव्हतं, बापाचंही नाही. मध्यरात्री मी पडदा ओढला, पलंगाखालचा पॉट घेतला, माझं तोंड भिंतीकडे केलं अन् त्याच्यासाठी पॉट धरून उभा राहिलो.